सुबोध शास्त्रीय पुस्तकें व त्यांचा आनंद

"हें पुस्तक परीक्षेला आहे काय?" मुलाच्या हातीं एखादें नवें पुस्तक दिसलें कीं आपल्याकडील बहुतेक घरांत प्रथम हाच प्रश्न निघतो, आणि उत्तर नकारार्थी आलें म्हणजे पुस्तक मिटावयास सांगितलें जातें. पालकांची काळजी आम्हांस समजते. परंतु सामान्य वाचकांकरितां सोप्या भाषेंत लिहिलेल्या शास्त्रीय पुस्तकांसही हाच न्याय लावला जातो, याचें आम्हांस वाईट वाटतें. त्यांच्या बाजूनें चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शास्त्राच्या नांवावर खपणारीं सर्वच पुस्तकें आम्हांस अभिप्रेत नाहींत, हें आधींच सांगून टाकतों. जगांत सर्वांत उंच काय, सर्वांत जड काय, कोणता प्राणी किती वर्षें जगतो, अशा चमत्कारिक माहितीनें भरलेलीं पुस्तकें पुष्कळ आहेत. आतां तर हाच माल भ्रमणध्वनीच्या पडद्यावर फुकट मिळतो. त्यानें घटकाभर करमणूक होते आणि आठ दिवसांनीं त्यांतील एकही आंकडा आठवत नाहीं. ज्यांत 'असें कां?' या प्रश्नाचा उलगडा पायरीपायरीनें केलेला असतो, आणि जें वाचल्यावर रोजच्या पाहण्यांतील वस्तु निराळी दिसूं लागते, तें पुस्तक आम्ही खरें शास्त्रीय पुस्तक समजतों.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यांतील घेऊं. पारनेर तालुक्यांत निघोज येथें कुकडी नदीच्या पात्रांत रांजणखळगे आहेत. काळ्या खडकांत कोणी कोरून काढावे तसे ते गोल आणि खोल खळगे पाहण्यास दूरदूरचे लोक येतात. जवळच मळगंगादेवीचें स्थान असल्यानें भाविकही येतात. 'काय हा निसर्गाचा चमत्कार!' असें म्हणून बहुतेक जण परत फिरतात. भूशास्त्रावरील एखादें सुबोध पुस्तक वाचलेला विद्यार्थी तेथें उभा राहिला, तर त्यास अधिक कांहीं दिसतें. पायाखालचा खडक म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून वर येऊन पसरलेला व थिजलेला शिलारस होय, हें त्यास ठाऊक असतें. अशा कठीण खडकांतही एखादी लहानशी खोलगट जागा असली कीं पुराच्या पाण्याचा तेथें भोवरा होतो. भोवऱ्यांत सांपडलेले दगडगोटे व वाळू गरगर फिरून खडक घासूं लागतात. खळगा खोल झाला म्हणजे गोटे आंतच अडकतात, खडकास झिजवितां झिजवितां आपणही झिजतात, आणि पुढच्या पुरानें त्यांच्या जागीं नवे येतात. दोन शेजारच्या रांजणांमधील भिंत पातळ होऊन फुटली कीं दोहोंचा एक होतो. हें एकदां समजल्यावर तो विद्यार्थी कोठें भिंत फुटावयास आली आहे, कोठें नवा खळगा नुकता धरूं लागला आहे, तें शोधीत फिरेल. कारण कळल्यानें मौज नाहींशी होते म्हणणाऱ्यांनीं अशा मुलाबरोबर एकदां निघोजला जावें.

शिवाय हें ज्ञान एका जागीं थांबत नाहीं. विहीर खणतांना आपले शेतकरी 'मांजऱ्या लागला' असें म्हणतात. मांजऱ्या खडकांतील भोंकें म्हणजे शिलारस थिजतांना त्यांत कोंडलेल्या वायूचे बुडबुडे होत. पुढें त्यांत मुरलेल्या पाण्यानें आणलेल्या द्रव्यांचे पांढरे स्फटिक बनले. बाप खडक हातानें ओळखतो आणि मुलास त्याचा जन्म पुस्तकांतून ठाऊक असतो. विहिरीच्या कांठीं दोघांनीं आपापली माहिती एकमेकांस सांगितली, तर शिकलेला मुलगा व न शिकलेला बाप यांमधील जें अंतर आपल्या खेड्यापाड्यांत दिसतें, तें कांहीं अंशीं तरी कमी होईल. आम्हांस या वाचनाचा हा लाभ परीक्षेच्या गुणांहून मोलाचा वाटतो. गुण वाढतीलच, असें आश्वासन आम्ही मुळींच देत नाहीं.

अशा वाचनाचें फळ केवढें असूं शकतें, हें मायकेल फॅरडे याच्या चरित्रावरून दिसतें. गरीब लोहाराचा हा मुलगा १८०५ सालीं लंडनमध्यें पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवार म्हणून राहिला. बांधणीस आलेलीं पुस्तकें तो वाची. जेन मार्सेट या बाईंनीं रसायनशास्त्रावर संवादरूपानें लिहिलेलें पुस्तक त्याच्या वाचनांत आलें, तेव्हां त्यांतील विधानें त्यानें आपल्या ऐपतीप्रमाणें लहानसहान प्रयोग करून पडताळून पाहिलीं. विजेच्या शास्त्रांत पुढें अजोड कार्य केलेल्या या पुरुषानें मुलांसाठीं मेणबत्तीवर व्याख्यानें दिलीं, आणि त्यांचें पुस्तक १८६१ सालीं निघालें. त्यांतील एक प्रयोग कोणासही घरीं, वडील माणसांसमक्ष, करतां येईल. मेणबत्ती फुंकून विझवावी आणि वर चढणाऱ्या पांढऱ्या धुराच्या रेषेस, वातीपासून किंचित् दूर, जळती काडी लावावी. ज्योत धुरावरून खालीं धांवत येऊन वात पुन्हां पेटविते! जळते ती मेणाची वाफ, हें या एका क्षणांत पटतें.

मराठींत असें वाचावयास काय आहे, असें कोणी विचारील. याच नगरांत १८४२ सालीं 'ज्ञानोदय' पत्र निघालें. पुण्याचें 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ मध्यें सुरू झालें, आणि मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्यें स्थापन झाली. डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्यासारखा जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञ मराठींत मुलांकरितां लिहीत राहिला. मुलें स्वाक्षरी मागावयास गेलीं म्हणजे ते त्यांस सांगत कीं, शास्त्रासंबंधीं एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा. उत्तर स्वाक्षरीसह येईल. प्रश्न सुचण्यासाठीं आधीं कांहीं वाचावें लागतें, हें त्या मुलांस आपोआप कळलें असेल.

पालकांस आमची मागणी फार मोठी नाहीं. वर्षांत असें एक पुस्तक विकत घ्यावें. तेंही जड वाटल्यास तीन घरांनीं मिळून घ्यावें. मुलांनीं तें कादंबरीसारखें भराभर संपवूं नये. न समजलेलें पान दुसऱ्यांदा वाचावें, तरीही न समजल्यास शास्त्राच्या शिक्षकांकडे न्यावें. पुस्तकांतील जी गोष्ट आपल्या घरीं, शेतांत अथवा नदीवर पाहतां येईल, ती पाहण्यास अवश्य जावें. निघोजला सहल नेणें झाल्यास पावसाळा सोडून न्यावी, आणि रांजणांच्या कडेशीं मुलांना सांभाळावें. तळाशीं गुळगुळीत गोटे दिसले, तर ते आठवण म्हणून उचलून आणूं नयेत; पुढच्या पुरांत त्यांना अजून काम आहे.