चरबीचा हिशेब कोणत्या मापाने?

डुकराच्या चरबीतील घडामोडी प्रयोगशाळेत कशा मोजतात, हा विषय या पानावर पाहून अनेक वाचक नाक मुरडतील. डुक्कर हा प्राणी आपल्याला प्रायः शिवीपुरताच परिचित. आणि चरबी म्हणजे अंगावरचा निरुद्योगी भार, अशी आपली समजूत. परंतु मानवी इन्शुलिनला १९८२ साली अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळण्यापूर्वी जगातील असंख्य मधुमेही गाईच्या व डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्शुलिनवरच जगत होते. या प्राण्याचे आपल्यावर ऋण आहे, ते असे. शिवाय ‘चरबी वितळविणाऱ्या’ गोळ्या, काढे आणि चूर्णे यांच्या जाहिराती आज घरोघर पोचत असताना, चरबीचे घटणे-वाढणे मुळात मोजतात तरी कसे, हा प्रश्न केवळ पशुवैज्ञानिकांचा राहिलेला नाही.

चरबी म्हणजे कोठारात पडून राहिलेले धान्य, अशी कल्पना एके काळी शास्त्रज्ञांमध्येही रूढ होती. कोलंबिया विद्यापीठातील रुडॉल्फ शोनहायमर व डेव्हिड रिटेनबर्ग यांनी जड हायड्रोजनची खूण केलेला मेद उंदरांना खाऊ घालून १९३५ साली या कल्पनेला धक्का दिला. खूण केलेली मेदाम्ले उंदरांच्या साठ्यात जाऊन बसत होती आणि जुनी तेथून बाहेर पडत होती. चरबी हे कोठार नव्हे, ती पेढी आहे. शिल्लक तीच दिसली तरी तिच्या वहीत जमा आणि नावे अखंड चालू असतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

साहजिकच जमा वेगळी आणि नावे वेगळे मोजणे आले. डुकराच्या पाठीवरील चरबीचा ताजा तुकडा घेऊन त्याचे पातळ काप करतात आणि रक्ताशी मिळत्याजुळत्या क्षारद्रावणात, ३७ अंश सेल्सियस तपमानावर, प्राणवायू पुरवीत ठेवतात. द्रावणात किरणोत्सारी कार्बनची खूण असलेले ग्लुकोज असते. ठरावीक वेळाने कापांतील मेद विलग करून त्यात किती खूण उतरली हे मोजले, की जमेची बाजू कळते. खर्चाच्या बाजूसाठी द्रावणात उतरलेले ग्लिसरॉल मोजतात. मेदाम्ले का नाहीत? कारण सुटलेल्या मेदाम्लांपैकी काही पेशी पुन्हा वापरून टाकते. ग्लिसरॉल पुन्हा वापरण्यास लागणारे विकर मात्र मेदपेशीत जवळजवळ नसते. म्हणून खर्चाची खरी पावती ग्लिसरॉलच देते. १९६४ साली मार्टिन रॉडबेल यांनी उंदराच्या चरबीतील जोडऊतक विरघळवून मेदपेशी सुट्या करण्याची रीत दाखवून दिली. तेव्हापासून एकेका पेशीचा हिशेबही मांडता येऊ लागला.

येथपर्यंत सारे सरळ वाटते. खरी मेख पुढे आहे. पिलाच्या चरबीतील पेशी लहान, तर थोराड डुकराच्या फुगलेल्या. त्यामुळे एक ग्रॅम चरबीत पिलाच्या पेशी कितीतरी अधिक भरतात. तोच आकडा दर ग्रॅममागे मांडला तर पिलाची चरबी अधिक उद्योगी दिसते. दर पेशीमागे मांडला तर थोराडाची बाजू वरचढ ठरू शकते. प्रयोग तोच, आकडे तेच; भाजक बदलला आणि निष्कर्ष फिरला! पाठीवरच्या चरबीचे थरही सारखे वागत नाहीत. तुकडा कोणत्या थरातला, हेही सांगावे लागते.

प्राणी बदलला म्हणजे तर सारेच बदलते. गाई-बकऱ्या मेद घडवितात तो प्रामुख्याने ॲसिटेटपासून. डुक्कर घडविते ग्लुकोजपासून, आणि तेही जवळजवळ सर्वस्वी मेदऊतकातच. माणसात हे काम मुख्यतः यकृताकडे आहे. तेव्हा डुकराच्या चरबीत जे दिसले ते माणसाला जसेच्या तसे लावणे म्हणजे शेजाऱ्याच्या मोजमापाने आपला सदरा शिवणे होय.

हा केवळ विद्वानांचा वाद नव्हे. मांसात चरबी कमी व स्नायू अधिक भरावेत म्हणून रॅक्टोपामीन हे द्रव्य डुकरांच्या खाद्यात मिसळण्यास अमेरिकेने १९९९ साली मान्यता दिली. मांसात त्याचा किती अंश चालावा, याचा निर्णय २०१२ साली कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगात मतदानाने झाला: बाजूने ६९, विरुद्ध ६७. युरोपीय संघाच्या अन्नसुरक्षा संस्थेचा आक्षेप २००९ पासूनच होता. तो असा, की माणसासाठी सुरक्षित मात्रा ज्या प्रयोगावरून काढली तो अवघ्या सहा निरोगी पुरुषांवरील होता. कोट्यवधींच्या ताटाचा निर्णय सहा माणसांच्या मोजणीवर आणि दोन मतांच्या अंतरावर! मापाची चर्चा आधी पुरेशी झाली नाही, की शेवटी हात वर करून विज्ञान ठरवावे लागते.

आपल्याकडचे उदाहरण तर याहून बोलके आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे जोडछायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजन काढण्याच्या प्रचलित मापाने दोघेही २२.३. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यापुढे सारखे ठरलेले हे दोन देह आतून किती भिन्न! सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाला मधुमेह का गाठतो, याचा एक धागा या छायाचित्रात आहे. केवळ काट्यावर विसंबलेल्या डॉक्टरला तो दिसला नसता.

आपल्या शाळा-महाविद्यालयांत विज्ञान शिकविले जाते ते बहुधा निष्कर्षांची यादी म्हणून. ‘अमुक द्रव्याने चरबी घटते’ हे वाक्य विद्यार्थी पाठ करतो. ती कोणत्या प्राण्याची, कोणत्या थराची, ग्रॅममागे की पेशीमागे, काचेच्या नळीत की जिवंत देहात, हे त्याला कोणी विचारीत नाही. परीक्षेत त्याला गुण नसतात. हाच विद्यार्थी पुढे ग्राहक होतो, रुग्ण होतो, पालक होतो, आणि टक्केवारी छापलेल्या प्रत्येक डबीपुढे मान तुकवितो. शिक्षकांनी दर सत्रात एखादा निष्कर्ष कमी शिकवून एक मोजणी तपशिलाने शिकविली, तर अभ्यासक्रमाचे फारसे बिघडणार नाही. जमाखर्चाची वही तपासताना आपला साधा कारकूनसुद्धा ‘ही रक्कम कशाची?’ असे विचारल्याशिवाय शिक्का मारीत नाही. विज्ञानाच्या नावाने पुढे येणाऱ्या आकड्यांना आपण तेवढीही शिस्त का लावू नये?