अर्ध्या दिवसाचा मावळ

पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या अर्ध्या दिवसाच्या सहलींचा एक साचा आता ठरून गेला आहे. भल्या पहाटे गाडी निघते. लोणावळ्याला नाश्ता, खंडाळ्याला घाटमाथ्यावरून दरीचे दर्शन, भुशी धरण, मग कार्ल्याची लेणी, जमल्यास भाजे, लोहगड-विसापूर ‘खालूनच’ आणि शेवटी चिक्कीचे दुकान. दुपारचे जेवण घरी. सोबत माहितगार मार्गदर्शक असेल, असे जाहिरातीत छापलेले असते.

नियमाने गड चढणारी मंडळी या सहलींची टिंगल करतात. डोंगर काय असा गाडीच्या खिडकीतून कळतो, असा त्यांचा सवाल असतो. मला हा तुच्छभाव पटत नाही. ज्या घरात आजीचे गुडघे धरलेले आहेत, नातवाची सोमवारी परीक्षा आहे आणि नवरा-बायकोला मिळून आठवड्यात एकच मोकळा दिवस आहे, त्या घराने डोंगराकडे जायचेच नाही काय? शिवाय माणसाचे डोंगराशी जे नाते आहे, ते माथ्यापेक्षा पायथ्याला अधिक दिसते. भाताची खाचरे, गावे, देवळे, लेणी, तळी, आगगाडी, सगळे पायथ्यालाच. तेव्हा अर्धा दिवस थोडा आहे, ही माझी तक्रार नाही. त्या अर्ध्या दिवसात सहा ठिकाणे कोंबली जातात आणि ती दाखवणाऱ्या माणसाचे त्या मुलखाशी काही देणेघेणे नसते, ही तक्रार आहे.

गेल्या पावसाळ्यात पाहुण्यांबरोबर अशा एका सहलीला मी गेलो होतो. कार्ल्याच्या तीनशेहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर चैत्यगृहात आम्हाला मिळाली मोजून बारा मिनिटे. मार्गदर्शक म्हणाला, ‘ही लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली. फोटो काढून घ्या.’ चिक्कीच्या दुकानात मात्र आम्ही चाळीस मिनिटे होतो.

त्या बारा मिनिटांत काय हुकले? कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आणि ४५ फूट उंच आहे. खडकात कोरलेले याहून मोठे चैत्यगृह भारतात नाही. त्याच्या छताला ज्या लाकडी कमानी दिसतात, त्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या मूळच्या लाकडाच्या आहेत. दगडाच्या छताला लाकडाच्या आधाराची काही गरज नव्हती. पण त्याआधीची चैत्यगृहे लाकडाने बांधली जात, ती सवय कारागिरांच्या हातातून सुटली नव्हती. भिंतींवर आणि खांबांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावे आहेत. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बनवासीचा, श्रेष्ठी भूतपाल तिथे आहे. धेनुकाकटचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त आहे. दरवाजा घडवणारा सामी नावाचा सुतार आहे आणि यवन म्हणून ओळख सांगणारे कितीतरी दाते आहेत. एका लेखात या भागाचे नाव ‘मामल’ असे येते. आपला मावळ तो हाच. कोकणच्या बंदरांतून बोरघाट चढून माल वर यायचा, म्हणून सावकार, सुतार आणि परदेशी माणूस यांची नावे एकाच डोंगरात सापडतात.

चैत्यगृहाच्या तोंडाशीच एकवीरेचे देऊळ आहे. चैत्रातल्या यात्रेला समुद्रकाठचे कोळी आणि आगरी पालख्या घेऊन येतात. कोकणातून घाट चढून इथे पोहोचण्याची जी वाट व्यापाऱ्याची होती, ती आज भक्ताची आहे. एवढी एक गोष्ट कोणी उभे राहून सांगितली, तर दहा वर्षांचे पोरही ती विसरणार नाही. तिला पाऊण तास पुरतो, पण तेवढा तर द्यायला हवा.

भाज्याला आमची गाडी पोहोचली तेव्हा पाऊस थांबला होता आणि लेण्यांखालच्या धबधब्यात लोक उतरत होते. पायऱ्यांपाशी भाजलेली कणसे विकणाऱ्या मावशी आमच्यातल्या मुलांना म्हणाल्या, ‘आत्ता पाण्यात जाऊ नका रे. वर विसापुरावर ढग टेकलाय. हितं ऊन असलं तरी पाणी वरनं येतं.’ आमचा मार्गदर्शक त्या वेळी गाडीत बसून मोबाइल पाहत होता. अर्ध्या तासाने ओढ्याचे पाणी गढूळ झाले आणि वाढले. मुले काठावर होती. त्या दिवशी पैसे आम्ही मार्गदर्शकाला दिले होते. मार्गदर्शन मावशींनी केले.

ही किरकोळ बाब नव्हे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि चौघे गेले. अशा घटनेनंतर आपल्याकडे बंदीचे आदेश निघतात, फलक लागतात, आणि पाऊस ओसरला की सारे विसरले जाते. बंदी एका मोसमापुरती चालते. ओढा कधी चढतो, कुठला दगड निसरडा, कुठल्या पुलावर किती माणसे उभी राहू शकतात, हे ज्याला ठाऊक आहे तो माणूस बारा महिने तिथेच असतो. त्याला आपण कणसे भाजायला बसवले आहे.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली, त्यात लोहगड आहे. म्हणजे या पायथ्याला गर्दी वाढणार, हे उघड आहे. मावळातल्या गावांना या गर्दीतून आजवर काय मिळाले? गाड्या लावायची जागा, चहाची टपरी, आणि आजोबांच्या शेतावर उभ्या राहिलेल्या बंगल्याची राखणदारी. मुलखाबद्दलचे ज्ञान ही त्यांची खरी मिळकत, पण तिला बाजारात भाव नाही.

तो मिळू शकतो. साताऱ्याजवळच्या कास पठाराचा २०१२ साली जागतिक वारशात समावेश झाला. तिथे फुलांच्या हंगामात भोवतालच्या गावांच्या समित्या वनखात्याबरोबर व्यवस्था पाहतात, प्रवेशाचे शुल्क घेतात आणि रोज किती लोक सोडायचे याला मर्यादा असते. तिथे सगळे आलबेल आहे असे नाही. पण गावाला व्यवस्थेत जागा देता येते, एवढे कासने दाखवले आहे.

मावळात याहून सोपे काम आहे. सहलीत दोनच ठिकाणे ठेवा. कार्ले आणि भाजे ही जोडी इंद्रायणीच्या खोऱ्याच्या दोन अंगांना आहे, मधे मळवलीचे स्टेशन. अर्ध्या दिवसात दोन्ही निवांत होतात. कार्ले, वेहेरगाव, भाजे, पाटण या गावांतल्या तरुण-तरुणींना इतिहासाचे, प्रथमोपचाराचे आणि पाण्याच्या धोक्याचे शिक्षण देऊन शासनाने परवाना द्यावा. अजिंठा-वेरूळला परवानाधारक मार्गदर्शक आहेतच. त्यांचा मेहनताना सहलीच्या तिकिटात धरावा, बक्षिशीवर सोडू नये. आणि ओढ्याकाठी त्यांचा शब्द अखेरचा मानावा.

यावर दोन आक्षेप येतील. गावची पोरे पांडवांच्याच गोष्टी सांगतील, हा पहिला. शहरातून आलेल्या मार्गदर्शकाने आम्हाला तीच तर सांगितली! शिवाय ती गोष्ट टाकूनही देऊ नये. भिक्षू निघून गेल्यावर रिकाम्या लेण्यांना लोकांनी पांडवांचे घर ठरवले, हासुद्धा इतिहासाचाच भाग आहे. फक्त कथा कोणती आणि शिलालेख कोणता, हे सांगणाऱ्याने वेगळे सांगावे. दुसरा आक्षेप खर्चाचा. माणशी थोडे पैसे वाढतील, हे खरे. पण सहा ठिकाणांच्या धावपळीत जे डिझेल जळते आणि जो वेळ दुकानात जातो, त्याचा हिशेब कोणी मांडत नाही.

शेवटी हे सारे गिऱ्हाइकाच्या हातात आहे. सहलीचे तिकीट घेताना आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘किती ठिकाणे दाखवता?’ जोवर हा प्रश्न आहे, तोवर विकणारा सहाची आठ करील. त्याऐवजी विचारावे, ‘दाखवणारा कोण आहे, आणि कुठल्या गावचा?’ शंभर लोकांनी हे विचारले, तर पुढच्या मोसमात जाहिरातीतला मजकूर आपोआप बदलेल.