शिक्का नको, साधना हवी

‘आमचा मुलगा पाहून शिकणारा आहे, ऐकून त्याला समजत नाही,’ हे वाक्य अकोला-अमरावतीच्या सुशिक्षित घरांतून आता सहज कानी पडते. पाहणारे, ऐकणारे, वाचणारे आणि करून शिकणारे ही वर्गवारी न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग व कॉलीन मिल्स यांनी १९९२ साली मांडली. २००८ मध्ये हॅरॉल्ड पॅश्लर आदी चार अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन तपासले. ज्याच्या-त्याच्या शैलीने शिकविल्यास तो अधिक शिकतो, याला पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. मुलांच्या आवडी भिन्न असतात हे खरे. पण आवड म्हणजे क्षमतेची मर्यादा नव्हे.

पद्धत ठरवितो तो विषय. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात गेलेल्या कोणालाही खांबाला हात घातल्यावाचून मल्लखांब येत नाही आणि नकाशा पाहिल्यावाचून पूर्णेचे खोरे कोणालाच नीट उमगत नाही.

आपल्या परंपरेने श्रवण, मनन, निदिध्यासन सांगितले ते तीन प्रकारच्या शिष्यांसाठी नव्हे. एकाच शिष्याने चढावयाच्या त्या तीन पायऱ्या आहेत. वऱ्हाडचे प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज (१८८१-१९१५) यांची दृष्टी तान्हेपणीच गेली. इतरांकडून ग्रंथ वाचवून घेत त्यांनी विपुल ग्रंथरचना केली. श्रवण ही त्यांची अपरिहार्यता होती. पांडित्य आले ते मननाने.

पालकांनी मुलाच्या कपाळी शिक्का मारू नये. जी वाट त्याला जड जाते, तीही धीराने त्याच्याकडून चालवून घ्यावी. संस्कार म्हणतात तो याहून वेगळा नाही.