उसन्या इंजिनाची किंमत

१७ जून १९६१ रोजी बंगळूरच्या आकाशात 'मरुत' झेपावले, तेव्हा देशाने धन्यता मानली. जर्मन अभिकल्पक कुर्ट टँक यांनी ते आखले होते ध्वनीहून वेगवान उड्डाणासाठी. त्याला हवे असलेले 'ऑर्फियस १२' इंजिन मात्र ब्रिटनमध्ये अर्ध्यावरच राहिले. त्याच्या विकासाचा खर्च उचलण्यास दिल्लीही धजली नाही. हाती उरले चिमुकल्या 'नॅट' विमानाच्या इंजिनाचेच भावंड. त्याची शक्ती वाढवण्याचा पण भारतीय अभियंत्यांनी केला. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत प्राणवायू शिल्लक असतोच. त्यात पुन्हा इंधन फवारून पेटवले की रेटा वाढतो. तो वाढलाही; पण विमानाचा मागचा भाग फुगला आणि कमावलेले बरेचसे हवेच्या रोधाने गिळले. १० जानेवारी १९७० रोजी याच सुधारित विमानाच्या चाचणीत ग्रुप कॅप्टन सुरंजन दास यांनी प्राण वेचले. मरुतचे पहिले उड्डाणही त्यांचेच!

दोष अभियंत्यांचा नव्हे. विमान स्वदेशी म्हणून मिरवताना इंजिन परक्याच्या मर्जीवर सोडणाऱ्या राज्यकर्त्यांचा आहे. 'तेजस मार्क १-ए'ची अमेरिकन इंजिने २०२३ साली यावयाची होती. पहिले आले मार्च २०२५ मध्ये.