एक बिदागी, चार वांटेकरी

गुणाला मोल मिळाल्यावांचून राहत नाहीं, हें वचन बहुधा ज्यांचें पोट भरलेलें आहे त्यांच्याच तोंडीं ऐकूं येतें. पाश्चात्त्य संगीताच्या चार तरुण वादकांनीं एकत्र येऊन तंतुवाद्यांचें चतुष्टय, म्हणजे तिकडील भाषेंत क्वार्टेट, स्थापन केलें, कीं त्यांच्याहि कानांवर हेंच वचन घातलें जातें. स्पर्धा आहेत, पारितोषिकें आहेत, ध्वनिमुद्रण क्षणांत जगभर पोंचतें. मग ज्यांच्या अंगीं कस आहे ते तरतील आणि बाकीचे बुडतील, त्यांत शोक कशाचा? हा युक्तिवाद इतक्या सहजतेनें केला जातो, कीं त्याचा एकदां नीट समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम हा व्यवसाय कसा चालतो तें पाहूं. दोन व्हायोलिनें, एक व्हायोला व एक चेलो. हातांत छडी घेऊन पुढें उभा राहणारा निर्देशक येथें नाहीं. चौघांचा श्वास एक व्हावा लागतो, आणि तो चार महिन्यांत होत नाहीं. या वाद्यमेळासाठीं हायडननें ६८, बेथोव्हेननें १६ व बार्टोकनें ६ रचना केल्या. एवढ्या तीन नांवांवरच तारुण्यांतील कित्येक वर्षें खर्ची पडावीं. रियाजाच्या त्या तासांना कोणी कवडी देत नाहीं. पैसा मिळतो तो मैफलीच्या दोन तासांचा. त्यांतून आधीं व्यवस्थापकाची दलाली जाते, मग प्रवास व मुक्काम, आणि उरेल त्याचे चार वांटे. शिवाय चेलोसारखें नाजुक वाद्य विमानांत सामान म्हणून टाकण्यास वादकाचें मन धजत नाहीं. त्यासाठीं स्वतंत्र आसन घ्यावें लागतें. म्हणजे वाजविणारे चार आणि तिकिटें पांच!

विल्यम बाउमोल व विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनीं १९६६ सालीं आपल्या ग्रंथांत या दुखण्याचें मूळ उकलून दाखविलें. कारखान्यांत नवें यंत्र आलें म्हणजे एका मजुराच्या हातून अनेक पट माल निघतो, आणि त्याची मजुरी वाढविणें मालकास परवडतें. परंतु शूबर्टची चौघांची रचना वाजविण्यास त्याच्या काळीं जितकीं माणसें व जितका वेळ लागे, तितकाच आजहि लागतो; घरभाडें मात्र आजच्या दरानें द्यावें लागतें. तेव्हां चतुष्टयाच्या जमाखर्चांतील तूट ही वादकांच्या गुणांतील उणीव नसून शुद्ध अंकगणित आहे. अंकगणितानें मारलेल्यास गुणहीन ठरविणें, यापरता दुसरा अन्याय कोणता?

आतां स्पर्धांकडे वळूं. आम्ही स्पर्धांचे द्वेष्टे नाहीं. बुडापेस्टच्या लिस्ट अकादमींतील चार विद्यार्थ्यांनीं १९७५ सालीं स्थापिलेलें ताकाच चतुष्टय १९७७ मध्यें एव्हियां येथें व १९७९ मध्यें पोर्ट्समथ येथें पहिलें आलें, आणि जगास त्याचें नांव कळलें. परंतु नांव कळणें निराळें व नांव टिकणें निराळें. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कोलोरॅडो विद्यापीठानें त्यांस अध्यापनाचें काम व कायमचें ठिकाण दिलें. पुढें सभासद बदलत गेले, तरी चतुष्टय उभें राहिलें. फिलाडेल्फियाच्या कर्टिस संस्थेंत २००८ सालीं जन्मलेल्या डोव्हर चतुष्टयानें २०१३ मध्यें कॅनडांतील बॅन्फच्या स्पर्धेंत सर्वच पारितोषिकें जिंकलीं. त्यासहि २०२० सालीं त्याच संस्थेनें आपल्या पदरीं घेतलें. जिंकणाऱ्यांसहि जर आश्रय लागतो, तर दुसऱ्या व तिसऱ्या आलेल्यांनीं काय खावें?

यावर कोणी म्हणेल, कीं आश्रयानें कलावंत आळशी होतो. इतिहास याच्या उलट साक्ष देतो. व्हिएन्नांतील रशियाचा वकील रझुमोव्स्की यानें १८०८ सालीं शुपान्त्सिगचें चतुष्टय आपल्या पदरीं ठेविलें, आणि बेथोव्हेनला आपल्या रचना वाजविणारे हात घरच्यासारखे लाभले. १८१४ च्या अखेरीस रझुमोव्स्कीचा वाडा जळाला आणि त्यापुढें दोन वर्षांच्या आंत तो मेळ विस्कटला. आळसानें नव्हे, आश्रय सुटल्यानें!

मदत फार मोठीच लागते असेंहि नाहीं. ती वेळेवर लागते. व्हिएन्नाहून परागंदा झालेले तीन ज्यू तरुण युद्धकाळीं इंग्लंडांत शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध झाले. पुढें मॅक्स रोस्टाल यांनीं त्यांस मोबदल्यावांचून शिकविलें, आणि लव्हेट या इंग्रज चेलोवादकासह त्यांनीं अमाडेउस चतुष्टय स्थापिलें. १० जानेवारी १९४८ रोजीं विग्मोर हॉलमध्यें त्यांची पहिली मोठी मैफल झाली, तिचा खर्च इमोजेन होल्स्ट या बाईंनीं सोसला. ते चौघे १९८७ पर्यंत एकत्र वाजवीत राहिले. व्हायोलावादक शिडलोफ निवर्तला, तेव्हां उरलेल्या तिघांनीं त्याच्या जागीं दुसरा न घेतां चतुष्टयच मिटविलें. त्या एका संध्याकाळच्या खर्चाचें व्याज जगानें चाळीस वर्षें खाल्लें.

हें सर्व परमुलुखाचें, आपणांस त्याचें काय, असें कोणी विचारील. मेहली मेहता यांनीं १९४० सालीं मुंबईतच असें चतुष्टय उभारलें होतें. तेच मेहता १९५९ पासून पांच वर्षें फिलाडेल्फियाच्या कर्टिस चतुष्टयांत वाजवीत होते. मुंबईंत तयार झालेला हात तेथील श्रोत्यांस लाभला, हें त्यांचें भाग्य. आम्हांस मात्र तें अंतर्मुख करणारें आहे.

म्हणून दात्यांस आमचें सांगणें एवढेंच, कीं एकाच विजेत्याच्या गळ्यांत भारी हार घालण्यापेक्षां तीन-चार तरुण मेळांस पांच वर्षांचें वेतन व रियाजास एक खोली द्या. आणि श्रोत्यांस विनंति, कीं ज्यांचें नांव अद्यापि ऐकलें नाहीं त्यांच्या मैफलीचें तिकीट विकत घ्या. टाळी फुकट असते, म्हणून ती आपण सढळ हातानें देतों. पण टाळीवर चार चुली पेटत नाहींत.