अंक प्रेसला जाण्याआधी

गिरिभ्रमण मंडळं, पक्षिमित्रांचे गट, सायकल क्लब, ज्येष्ठ नागरिक संघ, सोसायट्या अशा ठिकाणी वार्तापत्र, स्मरणिका किंवा दिवाळी अंक काढणाऱ्या सगळ्यांना हे कळकळीचं आवाहन आहे. अनेकांचे अंक सध्या मांडणीत आहेत. मजकूर आला आहे, जाहिराती आल्या आहेत, आणि डीटीपीवाल्याच्या स्क्रीनवर काही चौकोन अजून रिकामे आहेत. अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, "गूगलवरून घे ना एखादा." कृपा करून तसं करू नका. ज्यानं तो फोटो काढला त्याला विचारा, त्याचा होकार लेखी घ्या आणि त्याचं नाव फोटोखाली छापा. हे जमत नसेल तर तो फोटो पानावरून काढून टाका.

हे आत्ताच सांगायचं कारण साधं आहे. वेबसाइटवर टाकलेला फोटो तक्रार आली की पाच मिनिटांत उतरवता येतो. छापून, बांधून, टपालानं घरोघरी गेलेल्या पाचशे प्रती परत गोळा करता येत नाहीत. चूक सुधारायची वेळ प्लेट निघेपर्यंतच असते.

ट्रेकिंग मंडळांना हे विशेष सांगायला हवं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून रायगड, राजगड, साल्हेर, सुवर्णदुर्ग यांचे फोटो हवेत अशी प्रत्येक अंकाची मागणी आहे. आंतरजालावर ते हजारोंनी दिसतात, म्हणून ते कुणाचेच नाहीत असं वाटू लागतं. पण त्यांतल्या प्रत्येकामागे कुणीतरी पहाटे उठून चढलेला माणूस आहे.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरचं इंद्रवज्र घ्या. वर्तुळाकार इंद्रधनुष्य आणि त्याच्या मधोमध आपलीच सावली. ते दिसायला कड्याखालच्या दरीत धुकं भरलेलं असावं लागतं आणि नेमक्या त्याच वेळी पाठीमागे सूर्य मोकळा असावा लागतो. कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा असल्यानं सूर्य मागे हवा तर तो सकाळचा हवा, आणि पावसाळ्यात सकाळी ढग हटतीलच याची खात्री कुणीही देऊ शकत नाही. माणसं ओल्या कपड्यांत कड्याच्या कडेला बसून राहतात आणि बरेचदा काही न दिसताच गड उतरतात. सात वर्षांनी फुलणाऱ्या कारवीचंही तेच. एक हंगाम हुकला की पुढच्या बहरापर्यंत थांबायचं. असा फोटो उचलून आपण अंकाच्या मुखपृष्ठावर छापतो आणि खाली लिहितो, 'छायाचित्र : आंतरजालावरून साभार'. आंतरजालाचे आभार मानून त्या माणसाला काय मिळालं? त्याचं नाव तर आपण पुसलंच, वर आभार मानल्याचं समाधानही स्वतःला करून घेतलं. हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं. गिर्यारोहणात पहिल्यांदा वाट काढणाऱ्याचं नाव आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. तोच मान फोटो काढणाऱ्याला का नाही?

आता कायद्याचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा पहिला मालक म्हणजे तो काढणारा. नोंदणी केलेली नसली, कोपऱ्यात नाव घातलेलं नसलं, तरी हक्क त्याचाच. त्यानं नोकरीचा भाग म्हणून काढला असेल तर वेगळा करार नसल्यास मालकी सहसा मालकसंस्थेची. मंडळानं पैसे देऊन वर्धापनदिनाचा समूहफोटो काढून घेतला असेल, तर तोही वेगळं ठरलं नसल्यास मंडळाचा; मात्र श्रेय मागण्याचा छायाचित्रकाराचा अधिकार तेव्हाही उरतो. २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोवरचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं टिकतो. त्यामुळे कृष्णधवल, पिवळा पडलेला दिसतो म्हणून फोटो मोकळा होत नाही. १९०५ साली वारलेल्या राजा दीनदयाळांची छायाचित्रं आज कुणीही छापावीत. पण दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांसाठी सर्रास उचलली जाणारी दीनानाथ दलालांची चित्रं तशी नाहीत. दलाल १९७१ साली गेले, म्हणजे २०३१ संपेपर्यंत त्यांच्या चित्रांवर हक्क आहे. सरकारी संकेतस्थळावर दिसला म्हणजे फोटो फुकट, हाही गैरसमज आहे. शासनाच्या मालकीच्या कामावर प्रकाशनापासून साठ वर्षं शासनाचा हक्क असतो.

"आमचा अंक विकत नाही, सभासदांपुरता आहे," हे उत्तर नेहमी येतं. कायद्यात खासगी वापर, समीक्षा, चालू घडामोडींचं वृत्त यांसाठी सूट आहे. शेकडो प्रती छापून वाटणं हा खासगी वापर म्हणता येणार नाही, आणि मलपृष्ठावर सराफाची पानभर रंगीत जाहिरात असेल तर 'आम्ही काही कमवत नाही' हेही टिकायला अवघड. जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय विशेष कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं, पण तिथपर्यंत कुणी जायचं कशाला? वॉटरमार्क कापून फोटो लावणं तर कटाक्षानं टाळा. मालकाची खूण मुद्दाम काढून टाकणं हा वेगळा गुन्हा आहे.

इन्स्टाग्राम, फेसबुकवर टाकला म्हणजे सगळ्यांना दिला, असंही नसतं. टाकणाऱ्यानं वापराची परवानगी त्या कंपनीला दिलेली असते, तुमच्या-आमच्या मंडळाला नाही. खरोखर मोकळे फोटो हवे असतील तर विकिमीडिया कॉमन्सवर शोधा. गडकोटांचे, मंदिरांचे, पक्ष्यांचे भरपूर फोटो तिथे आहेत आणि छापायला चालतील असेच परवाने तिथे स्वीकारले जातात. प्रत्येक फोटोच्या पानावर अटी लिहिलेल्या असतात. बहुतेक वेळा छायाचित्रकाराचं नाव आणि परवान्याचं नाव छापावं लागतं, आणि कापाकापी केली असेल तर तसं नमूद करावं लागतं. फ्लिकरवर मात्र जपून. तिथे काही सांगितलेलं नसेल तर सर्व हक्क राखीव असतात. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात 'एनसी' अक्षरं दिसली तर तो व्यावसायिक वापराला चालत नाही. जाहिराती असलेल्या अंकात असा फोटो लावण्याआधी मालकाला विचाराच.

विचारण्यात आपलाही फायदा आहे. ऑफसेट छपाईला इंचाला तीनशे ठिपके लागतात. शोधात मिळालेला आठशे पिक्सेल रुंदीचा फोटो कागदावर जेमतेम पावणेसात सेंटिमीटर रुंद नीट छापला जातो. ए-फोर आकाराच्या पूर्ण पानाला सुमारे २४८० पिक्सेल हवेत. ताणून लावलेल्या फोटोत कडा फाटतात, दगड मेणासारखे दिसतात. फोटो काढणारा मूळ फाईल देऊ शकतो. ती व्हॉट्सॲपवर मागवायचीच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा, एरवी ती दाबली जाते.

शिवाय फोटो नेमका कशाचा आहे हे तोच सांगू शकतो. फिरत फिरत आलेल्या फोटोतून काढणाऱ्याचं नाव, तारीख, जागा सगळं गळून गेलेलं असतं. संजीवनी माचीच्या मथळ्याखाली लोहगडाचा विंचूकाटा छापला गेला, तर गड पाहिलेला वाचक ओळखेल. न पाहिलेला मात्र तेच खरं धरून चालेल. हल्ली तर यंत्रानं बनवलेली गडांची चित्रं शोधात वरच्या क्रमांकाला येतात. त्यांत बुरूज असतात, दिंडी दरवाजा असतो, पण तो गड सह्याद्रीत कुठेच नसतो. आपल्या स्मरणिका ग्रंथालयांत राहतात, पुढे कुणी अभ्यासक त्यांचा आधार घेतो. तिथे असं चित्र जाऊ देऊ नका.

श्रद्धांजलीच्या पानाबद्दलही बोलायला हवं. दिवंगत सभासदाचा फोटो त्याच्या फेसबुकवरून परस्पर उतरवू नका. घरी फोन करा. घरच्यांना कुठला चेहरा लोकांपुढे यावा असं वाटतं ते त्यांना ठरवू द्या, आणि तो कुणी काढला हेही विचारा. लहान मुलांचे फोटो आईवडिलांच्या होकाराशिवाय नकोत.

विचारायचं कसं, असं अडत असेल तर हा मजकूर वापरा :

"नमस्कार. आमच्या मंडळाचा दिवाळी अंक निघत आहे. अंकात जाहिराती आहेत आणि तो सभासदांना विनामूल्य दिला जातो. सोबत जोडलेला आपला फोटो त्यात अर्ध्या पानावर एकदा छापण्याची परवानगी द्यावी ही विनंती. अंकाची पीडीएफही सभासदांना पाठवणार आहोत, त्यासाठीही होकार हवा आहे. आपलं नाव कसं छापावं आणि मानधनाची अपेक्षा असल्यास किती, हे कळवावं. छापील प्रत आपल्याला पोचवू."

प्रतींची संख्या आणि अंकाचं नाव त्यात घाला. पीडीएफचा उल्लेख गाळू नका, कारण कागदावर छापणं आणि फाईल वाटणं हे दोन वेगळे वापर आहेत. आलेलं उत्तर जपून ठेवा. कायद्यालाही परवानगी लेखी लागते. फोटोचा मालक सापडत नसेल तर गूगल लेन्समध्ये तो फोटो टाकून पहिल्यांदा कुठे आला ते शोधा. तरीही पत्ता लागला नाही, तर तो नाद सोडा.

छायाचित्रकार मित्रमैत्रिणींनाही विनंती आहे. असा निरोप आला तर उत्तराला वेळ लावू नका, नकार असला तरी कळवा. संपादक तुमच्या एका ओळीसाठी पान अडवून बसलेला असतो.

निरोप आजच पाठवा, म्हणजे उत्तर यायला चार दिवस मिळतील. दरम्यान सभासदांच्या गटावर मागणी टाका, कारण ज्या गडाचा फोटो तुम्ही बाहेर शोधताय तो आपल्यातल्याच कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असण्याची दाट शक्यता आहे. शेवटचं प्रूफ तपासताना प्रत्येक फोटोवर बोट ठेवून विचारा : कुणाचा, होकार कुठे आहे, नाव छापलं का? ज्याचं उत्तर मिळणार नाही, तिथे गडाच्या वाटेचा हातानं काढलेला नकाशा लावा किंवा मजकूर वाढवून जागा भरा.