टेन्शन की शुगर?

मागच्या शुक्रवारी ऑफिसात माझं मोठं प्रेझेंटेशन होतं. पाच मिनिटं उरलेली आणि हात थरथरायला लागले. तळवे ओले, छातीत धडधड. शेजारची कलीग म्हणाली, ‘टेन्शन नको घेऊस गं!’ मी दंडावरच्या सेन्सरजवळ मोबाइल नेला. आकडा आला ६४. पर्समधली ग्लुकोज पावडर पाण्यात ढवळली, गटागटा प्यायले आणि बॉसला म्हटलं, ‘सर, पंधरा मिनिटं द्या.’

टेन्शन नव्हतं ते, शुगर होती. हा फरक मी कुठे शिकले माहितीये? पुण्यातल्या पॉश जिममध्ये नाही. बुलढाण्यात, ज्युदोच्या मॅटवर!

मी खामगावची. आठवीत ज्युदो सुरू केलं आणि बारावीत टाइप वन डायबेटिस निघाला. म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शरीराच्याच रोगप्रतिकारशक्तीने मारून टाकलेल्या. गोड खाण्याचा इथे काही संबंध नाही, हे मी आजवर किमान पाचशे मावश्यांना सांगितलं असेल. अकोल्याच्या डॉक्टरांनी खेळ बंद करायला सांगितला नाही. बंदी आली ती घरून आणि तीही खेळण्यावर नाही, बोलण्यावर. आई म्हणाली, ‘कोनाले सांगू नको पोरी. उद्या लग्नाच्या टायमाले कोन करीन तुले?’

मी नाही सांगितलं. आमच्या सरांनाही नाही.

त्याच वर्षी जिल्ह्याची स्पर्धा होती. पहाटेच्या एस.टी.ने बोथ्याच्या जंगलातून बुलढाण्याला निघालो. माझा गट ५२ किलोखालचा आणि आदल्या रात्री काटा दाखवत होता साडेबावन्न. म्हणून मी एक महान आयडिया केली. सकाळचं इन्सुलिन घेतलं आणि नाश्ता बुडवला. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. वजन बरोब्बर भरलं. मॅटवर उभी राहिले तेव्हा घाम फुटला होता, पाय लटपटत होते. वाटलं, पहिलीच मोठी लढत, टेन्शन आलं असेल. समोरचीने कॉलर पकडली. मला तिच्या दोन कॉलरी दिसत होत्या! पुढचं नीट आठवत नाही. पाठीवर पडले आणि पंचांचा हात वर गेला, बस्स. कुणीतरी तोंडाला लिंबाचं सरबत लावलं, तेव्हा सरांचा चेहरा दिसायला लागला.

परतीच्या एस.टी.त सगळं सांगून टाकलं. सर बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, ‘हारली त्याचं काही नाही. पन मले सांगितलं काऊन नाही? मॅटवर तुले काही झालं असतं म्हनजे?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या सोमवारी त्यांनी हॉलच्या भिंतीवर माझ्यासाठी एक कागद चिकटवला. लढतीआधी शुगर तपासायची. ७०च्या खाली असेल तर साखर घ्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. २५०च्या वर आणि लघवीत कीटोन असतील तर मॅटला पाय लावायचा नाही. वजनासाठी उपास नाही आणि इन्सुलिन चुकवणं तर अजिबातच नाही. त्याने वजन उतरतं खरं, पण रक्तात आम्ल साचून माणूस थेट आयसीयूत जातो. सगळ्यात खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : ‘लपवायचं नाही.’

आता यातला फंडा ऐका. शुगर घसरली की शरीर अ‍ॅड्रेनालिन सोडतं. भीती वाटली तरीही तेच सोडतं. म्हणून घाम, थरथर, धडधड दोन्हीकडे सारखीच. अंदाजाने कळत नाही, मोजावंच लागतं. वर गंमत म्हणजे लढतीतल्या त्याच अ‍ॅड्रेनालिनमुळे शुगर वर उडते. मॅटवरून उतरल्यावर मीटर २४० दाखवतो. घाबरून जास्तीचं इन्सुलिन टोचलं की गेलात! कारण दमलेले स्नायू नंतर कित्येक तास रक्तातली साखर ओढत राहतात आणि रात्री दोन वाजता आकडा ५० होतो. हा धडाही मी एकदा घेतलाय. म्हणून आता स्पर्धेच्या रात्री अलार्म लावते आणि रूममेटला आधीच सांगून ठेवते.

हे सगळं करून कुणी खरंच मोठं होतं का? वासिम अक्रमला १९९७ साली डायबेटिस निघाला, तिशीच्या आसपास. तो २००३च्या वर्ल्ड कपपर्यंत खेळला. इंग्लंडमध्ये मुहम्मद अली नावाचा एक बॉक्सर आहे, त्या सुप्रसिद्ध अलीचा नुसता नामबंधू. टाइप वन आहे म्हणून त्याला व्यावसायिक लायसन्स नाकारलं होतं. तो भांडत राहिला आणि २०१८मध्ये त्याने ते मिळवलं. डोपिंगच्या यादीत इन्सुलिन आहे, पण डायबेटिस असलेल्या खेळाडूला उपचारासाठी रीतसर परवानगी मिळते. अट एकच, आधी सांगायचं. बघा, फिरून गाडी तिथेच येते!

कॉलेजात असताना एका फायनलआधी पुन्हा तशीच थरथर सुरू झाली. बोटाला सुई टोचली. ११२! दोनदा तपासलं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी आजारी नव्हते, मी फक्त घाबरले होते, बाकीच्या सगळ्या मुलींसारखी. ती फायनल मी हरले, पण पूर्ण चार मिनिटं उभी राहून. ते सिल्व्हर मेडल आईने देवघरात ठेवलंय.

राहता राहिला लग्नाचा प्रश्न. मागच्या दिवाळीत स्थळ आलं होतं. आई डोळ्यांनी खुणावत होती, तरी मी चहाआधीच सांगून टाकलं : टाइप वन आहे, दिवसातून चार इंजेक्शनं घेते आणि शनिवार-रविवार ज्युदो खेळते. मुलगा जरा विचारात पडला. आईने श्वास रोखला.

‘डायबेटिसचं ठीक आहे हो,’ तो म्हणाला. ‘पण ज्युदो... म्हणजे उद्या आपलं भांडण झालं तर?’